वाळवंटात कसली आलीय थंडी!

…आणि वर मलाच म्हणतात, "तू म्हणजे काळजीचं दुकान आहेस!" मी! म्हणजे बघा, अख्खं घर वेटरचे कोट घालून वाळवंटात कुडकुडत उभं आणि दुकान मी! तुम्हाला सांगते, घरातून निघण्याआधी मी एकेकाला विचारलं होतं. यांना विचारलं, "अहो, तिथे थंडी असेल का?" तर हे हसले. नुसते हसले नाहीत, मान मागे टाकून हसले, आतली दाढ दिसली मला, किडलेली, तिचंही मी कधीपासून सांगतेय, दाखवून या, दाखवून या, पण माझं ऐकतंय कोण… तर हसले आणि म्हणाले, "अगं, वाळवंटात कसली आलीय थंडी!" सासूबाईंना विचारलं, तर त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "हा पंखाच सोबत घ्यावा म्हणते मी. वाळवंटात कसली आलीय थंडी!" हे ज्या लाँड्रीची गाडी चालवतात, तिच्या मालकांना विचारलं, तर ते इस्त्रीच्या वाफेत डोळे बारीक करून म्हणाले, "वहिनी, वाळवंटात कसली आलीय थंडी!" सगळ्यांचं एकच! जसं काही हे सगळे एकाच शाळेत शिकले आणि त्या शाळेत तेवढंच एक वाक्य शिकवलं!

मी तरी काय सांगणार? मी सातवीपर्यंत शिकलेली. सातवीच्या भूगोलात वाळवंट होतं, अर्धं पान. त्यात ऊन होतं, वाळू होती आणि कोपऱ्यात एक उंट होता. म्हणजे सगळी दुपारच होती. रात्र आठवीत असणार.

मग मी बोलले का काही? नाही बोलले. गप्प बसून गाठोडं बांधलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, थंडीची एवढी धास्ती, तर जायचंच कशाला? अहो, मी कुठे जात होते! हे सगळं झालं आमच्या बोचक्यामुळे. बोचकं म्हणजे आमची मुलगी. नाव तिचं चांगलं आहे, फार विचार करून ठेवलेलं, पण मी तिला कपड्यांत एवढी गुंडाळते की फक्त दोन डोळे आणि नाकाचा शेंडा बाहेर राहतो, म्हणून सासूबाई तिला बोचकं म्हणतात, आणि आता ती हाक मारली तरच बघते, चांगलं नाव घेतलं की भिंतीकडे बघते. तर थंडीच्या सुरुवातीला हिला खोकला झाला. असातसा नाही, कुणीतरी रिकामा पत्र्याचा डबा लाथाडावा तसा! छातीत घरघर. मी रात्र रात्र तिच्या छातीला कान लावून बसायची. कानाला वळ उठला माझ्या. शेवटी गेला एकदाचा खोकला. पण जाताना हिचं चालणंही घेऊन गेला.

खरंच सांगते. त्याआधी नुकती चालायला लागली होती हो! पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून दारापर्यंत, धपकन पडायची, स्वतःच हसायची. आजारात कडेवर आली ती कडेवरच राहिली. खाली ठेवली की पाय पोटाशी घ्यायची, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी. उठायचं नावच नाही. आता हे मी कुणाला सांगू? दिवसभर मी हसतखेळत असायची आणि आत एकच किडा… हिचे पाय गेले तर? एकदा धीर करून डॉक्टरांना म्हटलं, "डॉक्टर, हिचे पाय…" आणि पुढचं बोलवेचना. डॉक्टरांनी गुडघ्यावर टकटक केलं, तळव्याला गुदगुल्या केल्या, हिने त्यांच्या चष्म्यावर लाथ मारली. डॉक्टर म्हणाले, "पाय उत्तम आहेत. तुम्ही हिला खाली कधी ठेवता?"

म्हटलं, "ठेवते की."

"कधी?"

"…अंघोळ घालताना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "छाती मोकळी झालीय. आता हिला कोरड्या, मोकळ्या हवेत न्या आणि खाली सोडा. चालेल ती."

"आणि नाही चालली तर?"

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला! सांगा आता, हे काय उत्तर झालं?

आणि यांना तर "कोरडी हवा" एवढंच ऐकू आलं. यांचं सगळं आयुष्य ओल्या कपड्यांत गेलेलं. यांच्या डोक्यात कोरडी हवा म्हणजे कपडे वाळणं. उठून उभेच राहिले. "कोरडी हवा? मग वाळवंटाचं राष्ट्रीय उद्यान! तिथे चादर टाकायची, चहा प्यायचा, चादर घडी करायची!" मी म्हटलं, "अहो, मुलीला वाळत घालायचंय का?" पण मालकांनी लगेच दोन दिवस गाडी दिली. अट एकच, जाताजाता वाटेतल्या मोठ्या हॉटेलात त्यांचं धुतलेलं गाठोडं टाकून जायचं. एवढंच. एवढंच हो!

आता इथे नीट ऐका, कारण पुढे सगळे माझ्यावर घसरणार आहेत.

आमच्या घरात बॅग नाही. लाँड्रीवाल्याच्या घरात बॅग कशाला? काहीही न्यायचं असो, पांढऱ्या चादरीत घालायचं, चार टोकं उचलायची आणि लाँड्रीची गाठ मारायची, ओढली की सुटते, पण आपणहून कधी सुटत नाही. तर त्या चादरीत मी घरातली सगळी लोकर घातली. सगळ्यांचे स्वेटर, शाली, मफलर, हातमोजे, पायमोजे, पायमोज्यांवरचे पायमोजे, बोचक्याच्या कानटोप्या, एक घालायला, एक ओली झाली तर, एक हरवली तर आणि एक उगाच, जिवाला बरं वाटावं म्हणून. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मेंढ्या तरी जिवंत सोडल्यास ना?" मी बोलले का काही? नाही बोलले. गाठोडं उचललं आणि गाडीत अगदी दाराशी ठेवलं. म्हटलं, रस्त्यात लेकराला थंडी वाजली तर पटकन हाताशी असावं. बरोबर आहे की नाही? तुम्हीच सांगा, बरोबर आहे की नाही?

निघालो. मजेत निघालो. बोचकं माझ्या मांडीवर, सासूबाई खिडकीशी, हे शीळ घालत. हॉटेलाच्या मागच्या दाराशी गाडी थांबली. हे खाली उतरले, मागे दार उघडल्याचा आवाज आला, धप्प आवाज आला, दार लावल्याचा आवाज आला, हे शीळ घालत परत येऊन बसले. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. का बघणार? मी बिस्किट पाण्यात बुडवत होते.

मग रस्ता जो सुरू झाला! घरं संपली, झाडं संपली, मग झुडपं संपली, मग संपायला काही उरलंच नाही. नुसती वाळू. लाटांसारखी वाळू, पण गोठलेल्या लाटा, आणि वर एवढं मोठं आकाश की मला तर खिडकीची काच वर करावीशी वाटली. दुपारी उद्यानाच्या फाटकाशी पोचलो. सासूबाई उतरल्या, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "उद्यान कुठाय?"

"आई, हेच."

"हे? अरे, झोके कुठायत? घसरगुंडी कुठाय? बसायला बाक नाही, फुलाचं झाड नाही… राष्ट्रीय म्हणवतात आणि साधी हिरवळ नाही! आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं उद्यान याच्यापेक्षा बरं, निदान नळ तरी आहे!"

फाटकावर उद्यानाचा रक्षक होता. उंच, मिशा पांढऱ्या, डोक्यावर भलीमोठी लोकरीची टोपी. बाहेर कोवळं ऊन नाही, चांगलं चटके देणारं ऊन, आणि हा टोपीवाला हातावर जाडजूड ओव्हरकोट घेऊन उभा! हे मी बघितलं. मीच बघितलं, बाकी कुणी नाही. टोपीवाला यांना म्हणाला, "गरम कपडे आहेत ना?" आणि यांनी काय म्हणावं? तुम्हीच सांगा, यांनी काय म्हणावं? "वाळवंटात कसली आलीय थंडी!" टोपीवाल्याने यांच्याकडे असं बघितलं, जसं आपण उकळत्या पातेल्याकडे हात नेणाऱ्या लेकराकडे बघतो. मी घाईघाईने म्हटलं, "आहेत, आहेत! गाठोडंभर आहेत!" काय ताठ झाली होती माझी मान तेव्हा…

दुपार छान गेली, खोटं कशाला बोलू. सासूबाईंनी चपला काढून वाळूत फेरी मारली, टेकडीवरून बसून घसरत खाली आल्या आणि म्हणाल्या, "घसरगुंडी सापडली!" हे दर थोड्या वेळाने हवेत हात फिरवून, "काय कोरडी हवा! काय कोरडी हवा!" आणि दोघं मिळून माझ्यामागे, "सोड की तिला खाली!" मी म्हणायची, वाळू तापलीय. मग म्हणायची, वाळूत विंचू असतील. मग म्हणायची, ती झोपलीय. ती टक्क डोळे उघडून बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवून झोपते वाटतं, वडिलांवर गेलीय." खरं कारण मी सांगितलंच नाही. खाली ठेवलं आणि पुन्हा कोंबडी झाली तर? घरी निदान म्हणता येत होतं की हवा ओली आहे. इथे काय म्हणणार? याच्यापेक्षा कोरडी हवा आता आणायची कुठून?

आणि मग सूर्य बुडाला.

बुडेपर्यंत सगळं रंगीत, केशरी, गुलाबी, सासूबाई "वा, वा" करतायत, आणि तो तिकडे टेकडीमागे गेला नाही, तोच इकडे कुणीतरी बर्फाच्या कारखान्याचं दार सताड उघडलं! नाकाचा शेंडा गेला, कान गेले, बोटं कुणाची आहेत कळेना. सासूबाईंचे दात वाजायला लागले. मी विचारलं, "आई, थंडी वाजतेय का?" तर म्हणतात कशा, "छे, वा-वा-वाळवंटात क-क-कसली…" पुढचं निघालंच नाही!

मी बोलले का काही? नाही बोलले. नुसती हसले. मान मागे टाकून, दाढ दाखवून हसले. बोचकं यांच्याकडे दिलं, गाडीचं मागचं दार उघडलं, सगळ्यांना समोर रांगेत उभं केलं, आणि गाठोड्याची गाठ अशी… खर्रकन ओढली!

कोट.

पांढरे. पितळी बटणांचे. खळ घालून, कडक इस्त्री केलेले वेटरचे कोट. मी खाली हात घातला. कोट. आणखी खाली घातला. कोट. अगदी तळाला हात नेला, म्हटलं एखादी कानटोपी तरी… तळाला कोट!

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे. तेवढ्यात यांचा फोन वाजला. मालक! एवढे मोठ्याने बोलत होते की फोन हातभर लांब धरूनही सगळ्यांना ऐकू येत होतं. "अरे, काय दिलंस तू हॉटेलात? तो मॅनेजर माझ्या नावाने ओरडतोय! उद्या रात्री त्यांच्याकडे मोठी पार्टी आहे आणि गाठोडं सोडलं तर आत लोकरीचे पायमोजे! वेटरांना काय बाळाच्या कानटोप्या घालून वाढायला पाठवू का?" हे म्हणाले, "साहेब, उद्या संध्याकाळच्या आत कोट पोचवतो." मालक म्हणाले, "जसे दिले तसे पोचव! एक डाग, एक जरी डाग दिसला ना, तर गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची आणि घरी जाऊन बसायचं!" हे अगदी बारीक आवाजात म्हणाले, "साहेब, इथे थंडी फार आहे हो…" आणि तिकडून? तिकडून काय येणार? "वाळवंटात कसली आलीय थंडी!" आणि फोन बंद.

मग सुरू झालं. हे मला म्हणतात, "दाराशी कशाला ठेवलंस? दाराशी ठेवलेलं गाठोडं पहिल्या गिऱ्हाइकाचं! कुठल्याही लाँड्रीच्या गाडीत हाच नियम असतो!" म्हणजे चूक माझी! मी म्हटलं, "मला काय माहीत? मी बायको आहे, गिऱ्हाईक नाही! आणि उचलताना हाताला कळलं नाही? कोट कडक लागतात, लोकर मऊ लागते!" हे म्हणतात, "हात सवयीने चालतो, विचार करत नाही." म्हटलं, "डोकंही तसंच चालतं!" सासूबाई मध्येच म्हणाल्या, "भांडा, भांडा, थांबू नका. तेवढीच ऊब येतेय."

शेवटी काय करणार? घातले कोट. एकावर एक घातले. सासूबाईंच्या वाट्याला खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला आला, मुख्य वेटरचा असावा, त्या एकदम ताठच झाल्या. बोचक्याला एका कोटात अख्खं गुंडाळलं आणि बाह्या मागे नेऊन गाठ मारली, लाँड्रीचीच. खळ घातलेला कोट असा उबदार थोडाच असतो! कागदाच्या पिशवीत बसल्यासारखं वाटतं, आणि हललं की करकर वाजतं. रात्रीपुरती मिळालेल्या उद्यानाच्या खोलीत पातळ कांबळी होती, त्यांत चौघंही करकर करत पडलो. कुणी कूस बदलली की सगळ्यांना कळत होतं.

सकाळी बाहेर आलो तर वाळूवर पांढरा थर! सासूबाई म्हणाल्या, "मीठ कुणी सांडलं?" मीठ कुठलं, दव गोठलेलं! जिथून सूर्योदय बघायचा तिथे एक चहावाला होता, एकटाच, लाकडी खोपट्याच्या खिडकीतून कप द्यायचा. आम्ही जाऊन उभे राहिलो, हात काखेत घालून, पांढरे कोट, पितळी बटणं, रांगेत. तेवढ्यात प्रवाशांची मोठी बस आली. त्यातून एक बाई उतरल्या, डोक्यावर केसाळ टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि सरळ सासूबाईंसमोर आल्या. "पाच चहा. दोन बिनसाखरेचे. आणि लवकर हं, सूर्य यायच्या आत!"

मी म्हणणार होते, अहो बाई, आम्ही वेटर नाही. पण सासूबाई! सोनेरी पट्ट्यांचा परिणाम, दुसरं काय! "बसा, आणते!" म्हणून चालायलाच लागल्या. आणि आमचे हे? आयुष्यभर मागच्या दाराने हॉटेलांत गेलेला माणूस, कुणी वरच्या पट्टीत बोललं की तोंडातून आपोआप "होय मॅडम" निघतं. हे बाक पुसायला लागले! त्या केसाळ टोपीवाल्या बाई माझ्याकडे बघून म्हणतात, "मूल कडेवर घेऊन नोकरी? तुमचे मालक काही बोलत नाहीत?" म्हटलं, "बोलतात ना, फार बोलतात."

आता बघा हं. सासूबाई खिडकीतून ट्रे घेऊन आल्या, काठोकाठ भरलेले वाफाळते कप. माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "धर गं जरा, बिनसाखरेचे कोणते ते विसरले, विचारून येते." आणि सोडला ट्रे! मी काय करणार? एका हाताने ट्रे धरला तर कलंडतो, कलंडला तर कोटावर, कोटावर डाग तर किल्ली टेबलावर! मला एवढंच कळलं की ट्रेला दोन्ही हात लागणार. आणि मी… मी माझ्या हाताने, माझ्या स्वतःच्या हाताने, बोचकं खाली ठेवलं. वाळूवर. आणि ट्रे धरला.

आधी ती कोंबडीच झाली. बसली पाय पोटाशी घेऊन. पण तेवढ्यात बाकाखालून एक कोल्हा बाहेर आला. छोटासा, मांजराएवढा, पण कान हे एवढे, चेहरा कमी आणि कानच जास्त. बिस्किटांचा चुरा शोधत आला होता. त्याने बोचक्याकडे बघितलं. बोचक्याने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग कोल्हा वळला आणि तुरुतुरु निघाला. आणि बोचक्याने दोन्ही हात वाळूवर टेकले, मागचा भाग वर केला, डुलली, डुलली… आणि उभी राहिली.

उभी राहिली हो!

आणि चालायला लागली. कोल्ह्याच्या मागे! कोटाचा घोळ मागे फरफटतोय, एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे. आणि मी ट्रे घेऊन! मी ओरडले, "अहो, धरा! धरा तिला!" हे हातातला फडका घेऊन तसेच उभे, तोंड उघडं. म्हणाले, "हलू नकोस, चहा सांडेल!" सासूबाई तिकडून ओरडतायत, "कोट सांभाळ! कोट!" टोपीवाला रक्षक कुठूनसा आला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, कोल्हा काही करत नाही. तोच घाबरलाय." केसाळ टोपीवाल्या बाई म्हणतायत, "माझा चहा निवतोय." आणि मी उभी. तुम्हाला सांगते, डोळ्यांसमोर दोनच गोष्टी. हातात काठोकाठ चहा आणि यांची नोकरी, आणि समोर ती, चालत चालली होती, माझ्यापासून लांब, मागे वळूनसुद्धा बघत नव्हती. रडू की हसू मला कळेना. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते समोर चाललं होतं, आणि मी त्याला नुसतं हातही लावू शकत नव्हते, कशामुळे, तर पाच चहांमुळे!

फेकला ट्रे!

दिला भिरकावून! कुठे पडला, बघितलंसुद्धा नाही. मागून सासूबाईंचं "आई गं" ऐकू आलं, यांचं "किल्ली!" ऐकू आलं, मी धावत सुटले. पण वाळूत धावून बघितलंय कधी? पाय पुढे टाकावा तर वाळू मागे नेते. मी जितकी जोरात धावतेय तितकी तिथेच! आणि ती हलकी, तिला वाळू धरतच नव्हती. टेकडीच्या वर जाऊन थांबली, मागे वळली आणि मला बघून खदखदून हसली. तोंडातून वाफ निघत होती. कोल्हा केव्हाच पळाला होता. मी वर पोचले ती गुडघ्यांवर, तिला धरलं आणि आधी छातीला कान लावला. घरघर नव्हती. धडधड होती, केवढी मोठी! जरा वेळाने कळलं, ती माझीच होती.

तर तो सूर्योदय आम्ही कुणीच बघितला नाही. तोंडावर ऊन पडलं तेव्हा कळलं की झाला.

खाली आले तर सासूबाईंच्या सोनेरी पट्ट्यांवरून चहा ठिबकतोय, यांच्या छातीवर चहा, माझ्या बाहीवर चहा. हे डोक्याला हात लावून वाळूत बसलेले. सासूबाईंनी आधी बोचक्याचा मुका घेतला, मग यांना म्हणाल्या, "उठ रे! लाँड्रीवाला ना तू? साबण कुठाय?" साबण गाडीत असतोच. दोघांनी खोपट्यामागच्या नळावर कोट धुतले, हात लाल होईपर्यंत, आणि कुंपणावर टाकले. हे म्हणाले, "आता बघ कोरड्या हवेची कमाल! चहा पिऊन होईपर्यंत वाळतील." टोपीवाल्याने आपला ओव्हरकोट दिला, त्यात एका बाजूने सासूबाई, दुसऱ्या बाजूने मी, एकेक बाही दोघींना. हे चहावाल्याच्या शेगडीला चिकटून. चहा पिऊन झाला. हे कोट आणायला गेले आणि तिथूनच हाक मारली, "अगं… हे बघ गं…"

कोट गोठले होते! सावलीच्या बाजूला टाकले होते ना कुंपणावर, तिथे ऊन पोचलंच नव्हतं. फळीसारखे ताठ! हे एकेक काढून वाळूत ठेवायला लागले तर कोट आपापले उभे! आत माणूस नाही आणि कोट उभे, बाह्या अशा थोड्या पुढे, जणू आत्ता विचारतील, काय आणू? आणि त्या केसाळ टोपीवाल्या बाई! तिकडून टोपीवाल्याकडे तक्रार करत आल्या, "हे काय, आमचा चहा आणायला कुणी नाही आणि तिकडे तुमचे वेटर नुसते उभे आहेत! मी हात केला तर मान वळवायलाही तयार नाहीत!" टोपीवाला म्हणाला, "त्यांना मान नाही, बाई." इतका वेळ गंभीर असलेला माणूस, मिशीतल्या मिशीत हसत होता!

ऊन वर आल्यावर मात्र वाळले हं. खरंच भराभर वाळले. सासूबाईंनी घड्या घालून सीटवर ठेवले आणि परतीच्या सबंध रस्त्यात त्यांच्यावर बसल्या. अशी कडक इस्त्री मालकांच्या मशिनलाही जमत नाही! हॉटेलाच्या मॅनेजरने एकेक कोट उजेडात धरून बघितला. एकाच कोटाच्या काखेत डाळीएवढा डाग राहिला होता, तो कोट दाखवताना सासूबाईंनी बाही खाली धरून ठेवली. पास! आमचं गाठोडं परत मिळालं. त्यातल्या जाड पायमोज्यांची एक जोडी गेली, कुठला तरी वेटर घालून फिरत असणार. फिरू दे. नोकरी राहिली. मालकांनी मला विचारलं, "काय वहिनी, कसं होतं वाळवंट?" म्हटलं, "गरम."

आणि बोचकं? विचारूच नका. त्या दिवसापासून खाली बसायला तयार नाही. पहाटे उठते ती चालत. पलंगाखाली जाते, जिन्यावर जाते, लाँड्रीत तापल्या इस्त्रीकडे जाते, उकळत्या पाण्याच्या पिंपाकडे जाते, रस्त्यावर जाते, रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याचं बोट धरून त्याच्या घरी जाते! सासूबाई म्हणतात, "चालली ना एकदाची? मग आता तरी काळजी सोड की गं!" सोडायला हरकत नाही हो माझी. पण सोडायची म्हणजे आधी ती हातात तरी सापडायला हवी! पूर्वी निदान काळजी कडेवर असायची, कुठे आहे ते तरी माहीत असायचं… आता ती पुढे पळते आणि मी मागे!